अजून जरा लांब

३ जानेवारी १९३७, रविवार

करर्र — करर्र — करर्र!

पहाटे जाग आली ती ह्या आवाजाने. उठून बसलो. बाहेर काही नव्हतं. आवाज पंचावन्न वर्षांपूर्वीचा. वैशाखात आमचं लोणारचं तळं आटलं की काठावर खाराची पांढरी पापडी धरायची, आणि खार काढणारी माणसं तिच्यावरून अनवाणी चालायची. मी आठ वर्षांचा. वर कड्यावर पाय सोडून बसायचो. एवढ्या खोलात माणसं मुंगीएवढी दिसत, पण आवाज थेट कानाशी येई — शेजारी बसून कुणी भाजलेला पापड मोडतंय जणू! तेव्हापासून मोठ्या पांढऱ्या जागेत एकच लहानसं माणूस दिसलं की माझी नजर तिथून हलत नाही. का, ते तीस वर्षं शाळेत कविता शिकवूनही सांगता आलं नाही.

आवाज आज का आला ते ठाऊक आहे. काल चिखलीहून उत्तमरावांचं, माझ्या भावजयीच्या भावाचं, पत्र आलं. उशीखाली ठेवून झोपलो होतो.

पत्र सरळ आहे. ‘पौषाच्या अवसेला इंद्रभानरावांस जाऊन बारा वर्षे भरतात. आमच्या रुखमाने किती दिवस वाट पाहावी? अनसूयेचे हिवऱ्याला ठरत आले आहे. पाहुणे विचारतात, मुलीचा बाप आहे की नाही, काय ते एक सांगा. आपण थोरले बंधू. शास्त्राप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी आपणच द्यावयाचा. लोणारास धारेवर, झऱ्यापाशी, करू. तसेच भिंतीस लावण्यास एक फोटो लागेल. आपल्याकडे असेलच.’

असेलच! अख्ख्या मेहकर तालुक्याची तोंडं मी कॅमेऱ्यात धरली. हौस म्हणून, कुणाकडून काही न घेता. आणि माझ्या सख्ख्या भावाचा, जो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, ज्याला आईमागे मी आणि माझ्या बायकोने, आशाबाईंनी वाढवलं, त्याचा फोटो माझ्याकडे एकच. त्यात तो तिळाएवढा आहे. आणि पाठमोरा.

५ जानेवारी, मंगळवार

त्या फोटोची काच, प्लेट, काढली. कोठीतल्या फडताळात, कापडात गुंडाळलेली. बारा वर्षांत हात लावला नव्हता. कोपऱ्याला बुरशीचा एक ठिपका, बाकी शाबूत. खिडकीच्या उजेडात धरली.

काचेवर सगळं उलटं असतं. पांढरं धुकं काळंकुट्ट. खाराचा पट्टा काळा. इंद्रभानचा काळा कोट तेवढा आरपार. एवढ्या काळ्या काचेत त्याच्याएवढंच भोक, आणि त्यातून खिडकीतला उजेड माझ्या डोळ्यात!

लोणारचं तळं म्हणजे वाटीच्या तळाचं पाणी. काठावर कुठेही उभं राहा, पलीकडे कडा. फोटोत मोकळी जागा म्हणून उरत नाही. पण पौषातल्या पाच-सात सकाळी धुकं वाटीत भरून बसतं. पलीकडचा कडा पुसला जातो. पाणी कुठे संपलं, आभाळ कुठे लागलं, कळत नाही. मी समुद्र पाहिला नाही, पाहणारही नाही आता. त्या सकाळी मात्र लोणारला समुद्र येतो.

अशीच ती सकाळ. चित्रात चार हिस्स्यांतले तीन हिस्से काही नाही. खाली डावीकडून काठाची एक वळलेली रेघ शिरते, उजवीकडे जाता जाता पुसट होते, आणि जिथे ती संपणार तिथे तो. ह्याहून काही नाही.

सातवीच्या पोरांना शार्दूलविक्रीडित म्हणायला शिकवायचो. बारा अक्षरं झाली की थांबायचं, मग पुढची सात. पोरं कुठली थांबतात! उताराला लागलेल्या बैलबंडीसारखी पळत. मी छडी आपटायचो — ‘थांबा बे! ती जागा रिकामी नाही. तिथी कवी दम घेऊन राह्यला!’ पोरं हसायची. पण तेच मी काचेवर करत होतो. धुकं म्हणजे दम घ्यायची जागा. आणि पुढची सात अक्षरं म्हणजे इंद्रभान.

हे सगळं छान लिहिलं. पण त्या सकाळी मी त्याला काय म्हणालो ते इथेही लिहिलं नाही. बारा वर्षांत कुणालाच सांगितलं नाही. आशाबाईंनाही नाही. त्या तर गेल्याच.

६ जानेवारी, बुधवार

थंडी. प्लेट पुन्हा पाहिली. पुन्हा ठेवली.

९ जानेवारी, शनिवार

चिखलीला जाऊन आलो. मोटारीत प्लेटचं खोकं मांडीवर. ड्रायव्हर म्हणाला, ‘मास्तर, अंडे हायेत का आतमंदी?’

शकूरमियांच्या स्टुडिओत गेलो. माणूस भला. हात कसबी. काचेवर बारीक पेन्सिल चालवून देवीचे वण घालवतो, सुरकुत्या उतरवतो, एका मेलेल्या सावकाराचे मिटलेले डोळे त्याने उघडून दाखवलेत. मागे पडदा रंगवलेला — कारंजं, संगमरवरी पायऱ्या, दोन हरणं. अख्खी चिखली त्या पायऱ्यांवर उभी राहून गेली आहे.

प्लेट उजेडाला धरून तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘मास्तरसाब, फोटो कुठी हाय?’

‘हाच.’

‘या अल्ला! इतकी जागा खाली? एवढ्या जागेत तं मी पुरी बारात बसवतो! अन् हा आदमी — पाठ? पाठ कोणी भिताडाले लावते का?’

मी म्हटलं, ‘शकूरमियां, ती जागा मुद्दाम सोडली आहे.’

‘हाव, ते तुमच्यासाठी. घरवाल्यायले तोंड पायजे. हार तोंडाले घालतेत, धुक्याले नाही!’

बोलणं खरं. तोंड कुठून आणणार, विचारलं. म्हणाला, ‘घरच्यायले विचारून बनवतो. नाक कसं, मिशी कशी. फिकीर नोका करू.’ मूळ काचेला हात लावणार नाही, दुसरी काच काढून तिच्यावर काम करीन, असं कबूल करून घेतलं. बिनतोंडाची, जशी आहे तशी एक कागदी प्रतही मागून घेतली. तो हसला, पण काढून दिली.

तिथून उत्तमरावांकडे. ओसरीवर पाट मांडला होता. रुखमाबाई दाराआड. मी त्यांचा भासरा — नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या घरांत भावजय भासऱ्याशी बोलत नाही, तोंड दाखवत नाही, त्याच्या सावलीवरूनही जात नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. त्यातली सात त्या माझ्याच घरात, माझ्याच चुलीपाशी होत्या. मला त्यांचा आवाज भिंतीपलीकडून माहीत, आणि चहाची कपबशी उंबऱ्याशी सरकवणारा बांगड्यांचा हात माहीत. बाकी सगळं मध्ये कुणीतरी उभं राहून. आधी आशाबाई, आता अनसूया.

आत पुटपुट. मग अनसूया बाहेर येऊन — ‘माय म्हणते, त्यायची तब्येत कशी हाय?’

‘बरी आहे म्हणावं.’

आत पुटपुट. ‘माय म्हणते, जेवून जा म्हणा.’

पंधरा वर्षांची झाली पोर. बाप गेला तेव्हा तीन वर्षांची होती. पायरीवर टेकून हळूच मला विचारते, ‘मोठेबाबा, माह्या बापाले मिशी होती का?’

होती म्हटलं. मग मोटारीत बसल्यावर मनात आलं — होती का त्या साली? की त्याने उतरवली होती? बारा वर्षांपूर्वीच्या त्या धुक्याचा पोत मला आठवतो. भावाची मिशी आठवत नाही!

१२ जानेवारी, मंगळवार

लिहूनच टाकतो.

त्या वर्षी मी खटपट करून इंद्रभानला वरवट बकालच्या शाळेत मास्तरकी लावून दिली होती. काळा कोट शिवून दिला. आठ दिवसांत परत आला. ‘भाऊ, मले नाही जमत.’ त्याला गाणं पाहिजे होतं. अकोल्याला कुठली नाटकमंडळी उतरली होती, तिच्यात जायचं म्हणत होता. मी म्हटलं, देशमुखाच्या घरचं पोर तोंडाला रंग लावणार? आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. रुखमाबाई आणि तो ह्यांचंही काही बिनसलं होतं. भिंतीपलीकडून कळायचं, शब्द कळत नसत.

आशाबाई त्या आठवड्यात मेहकरला माहेरी. सकाळी उठलो तर धुकं! मी सगळं विसरलो. त्याला म्हटलं, चल, पेटी धर. तो आला. कोट घालून आला. पेटी खांद्यावर घेऊन तळापर्यंत उतरला, शिट्टी वाजवत. मला वाटलं, राग गेला.

तिपाई लावली. काळं कापड डोक्यावर घेतलं. भिंगातून चित्र काचेवर उलटं पडतं — माणूस डोकं खाली, पाय वर. तो काठाने दहा पावलं गेला आणि वळून उभा राहिला, हसत.

मी कापडातूनच हात करून ओरडलो, ‘पाठ कर. अजून जरा लांब जा!’

गेला.

‘अजून!’

‘भाऊ, मुंगी करून राह्यला का मले?’

‘अजून जरा लांब!’

असं मी चारदा म्हणालो. पाचदा असेल. दर वेळी चित्र जास्त चांगलं होत होतं! तो लहान होत होता आणि जागा मोठी होत होती. काठाची रेघ त्याच्याकडे ओढली जात होती. मला फार आनंद झाला होता. शेवटी तो बरोबर त्या जागी आला, जिथून एक पाऊल पुढे गेला असता तर धुक्यात विरला असता. मी भिंग झाकलं, काच बसवली, झाकण काढलं, चार आकडे मोजले, झाकण घातलं. कापडाबाहेर आलो.

काठ मोकळा.

मी आधी हसलो. म्हटलं, आज्ञाधारक आहे, अजून लांब गेला. मग हाका मारल्या. त्या वाटीत हाक मारली की चहूबाजूंनी परत येते. ‘इंद्रभान, इंद्रभान’ असं सगळं तळंच मला म्हणायला लागलं.

धुकं उठेपर्यंत शोधलं. धुकं उठल्यावर शोधलं. दुपार कलली तेव्हा घरी आलो. रुखमाबाई चुलीपाशी पाठमोऱ्या. विचारायचं कुणाकडून? आशाबाई घरात नाहीत, अनसूया तीन वर्षांची. मी ओसरीवर थोडा खाकरलो, उभा राहिलो, आणि तसाच उलटा गावात गेलो. माणसं गोळा केली. चार दिवस सगळे तळ्याभोवती. बांबू घेऊन पाण्यात उतरले. काही नाही. अकोल्यालाही माणूस धाडला. नाटकमंडळी पुढे गेलेली, तिथे असा कुणी आलाच नव्हता म्हणे.

सगळ्यांना सांगितलं, फोटो काढता काढता धुक्यात वाट चुकला. ‘लांब जा’ हे सांगितलं नाही. मी त्याला वरवटला घालवला, गाण्यापासून घालवला, आणि शेवटी हात करून करून चित्राबाहेर घालवला. तो गेला कारण मी जा म्हणत होतो.

आणि आता अग्नीही मीच द्यायचा!

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. शेजाऱ्यांकडून तिळगूळ. चिखलीला आज रुखमाबाई हळदीकुंकवाला जातील. शेवटचं वाण. अवसेनंतर त्यांच्या बांगड्या फुटतील, कपाळ पुसलं जाईल. एका तिळाएवढ्या डागासाठी.

गूळ गोड लागला नाही.

२० जानेवारी, बुधवार

आज पुन्हा धुकं पडलं. राहवेना. गुडघे कुरकुरत होते तरी पेटी घेऊन उतरलो. वाटेत पुंजाजी भेटला, शेळ्या घेऊन. माझा शाळेतला जुना विद्यार्थी. तिसरीत तीन वर्षं होता, म्हणून लक्षात. त्यानेच पेटी घेतली.

तीच जागा शोधली. तोच दगड. वाटलं, नुसता काठ घ्यावा, माणूस नको. कापडाखाली गेलो. काठ, खार, धुकं, सगळं तेच. पण जागा मोठी होईचना! काठाची रेघ कुठे जावं ते न कळल्यासारखी मध्येच विझत होती. मोकळं आणि ओसाड ह्यांत फरक आहे. घरातलं माणूस अंगणात गेलं असेल तर घर मोकळं असतं. आशाबाई गेल्या तेव्हा ते ओसाड झालं.

पुंजाजी मागून — ‘मास्तर, तिथी तं काईच नाही! कायचा फोटो काढून राह्यले?’

‘बघतोय.’

‘मी राह्यतो ना उभा! तुमी सांगा फक्त.’

आणि पठ्ठ्या गेला. दोन पावलांवर छाती काढून उभा, हात मांडीला चिकटवून, जसा इन्स्पेक्टर आल्यावर राहायचा. बगलेत शेळीचं करडू. भिंगात तो एवढा भरला की तळं दिसेना. त्याला लांब जायला सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं.

शब्द आला नाही.

दोनदा प्रयत्न केला. तो ओरडला, ‘काय झालं? मांगं सरकू का अजून?’ मी कापडाबाहेर डोकं काढून जोरात म्हटलं, ‘नको! तिथंच थांब! हलू नको!’ आणि तसाच काढला. नाक, मिशी, दोन्ही कान, करडाचेही दोन्ही कान.

पुंजाजी खूश. म्हणतो, ‘हे बेस झालं. नाही तं तुमचे फोटो म्हंजे मानूस शोधा अन् गूळ घ्या!’

खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी.

२१ जानेवारी, गुरुवार

पुंजाजीची प्रत फार चांगली आली आहे. त्याला दिली. त्याच्या बायकोने करडाला ओळखलं, त्याला नाही!

२७ जानेवारी, बुधवार

शकूरमियांचं पार्सल आलं.

देवा!

फ्रेममध्ये एक गृहस्थ बसवले आहेत. डोक्याला फेटा, कोटाला चार चकचकीत बुताम, मिशी पिळदार, गाल भरलेले. मागे — तळंच आहे, पण धुक्याच्या जागी चंद्र. पाण्यात दोन हंस. लोणारच्या पाण्यात हंस! एका कोपऱ्यात कमळं. कुठे बोट ठेवावं एवढीही जागा शिल्लक नाही.

खाली चिठ्ठी — ‘मास्तरसाहेब, खाली जागा सब भर दिली. जास्तीचे पैसे नाही. तोंडाची ठेवण उत्तमरावसाहेब यांनी समोर बसून सांगितली.’

पुन्हा पाहिलं आणि ध्यानात आलं. ते नाक उत्तमरावांचं! भिवया उत्तमरावांच्या! बिचारे समोर बसून सांगत असतील, आणि शकूरमियां समोर जे दिसतंय तेच काढत असेल.

हसू आलं, मग ते गेलं. अवसेनंतर हार ह्याच्या गळ्यात पडायचा. पोर रोज ह्याच्या पाया पडणार. उद्या आपल्या पोरांना सांगणार, हा माझा बाप. आणि बाप तिकडे धुक्यात पाठमोरा.

३१ जानेवारी, रविवार

चिखली. फ्रेम घेऊन गेलो. न्यायलाच हवी होती, मागितली होती.

उत्तमरावांनी ती हातात घेऊन दूर धरली, जवळ धरली. ‘वा! असेच होते आमचे दाजी. अगदी असेच.’

फ्रेम आत गेली. मग अनसूया बाहेर आली, मान खाली. ‘माय म्हणते, हे आमचे नाहीत.’

उत्तमराव चिडले. ‘नाहीत म्हंजे? तिले काय समजते! बारा वर्सांत माणूस कसा दिसे ते राह्यते का ध्यानात?’

आत बांगड्या वाजल्या. पुटपुट. अनसूया — ‘माय म्हणते, राह्यते.’

एवढं बोलून पोर तिथेच उभी. पुन्हा आत गेली, पुन्हा आली. आता माझ्याकडे बघून — ‘माय विचारते, खरा फोटो आणला का? कोरावाला?’

ती प्रत माझ्या पुस्तकात होती. कोऱ्याबद्दल शकूरमियांनीच सांगितलं असणार. ‘मास्तर पागल झाले’ असं काहीतरी. काढून दिली. मला भीती वाटत होती, त्या म्हणतील: ह्यात तर काहीच नाही.

दाराच्या फटीतून मला फक्त कागदाचा कोपरा दिसत होता. तो हलत नव्हता. ओसरीवर उत्तमराव हिवऱ्याच्या पाहुण्यांचं, मांडवाचं, गावातल्या निवडणुकीच्या सभेचं बोलत होते. मी त्या कोपऱ्याकडे बघत होतो. चहा निवला.

निघताना प्रत मागायला अनसूयेला म्हटलं. ती आत जाऊन आली. ‘माय म्हणते, राहू द्या.’

आयुष्यात माझा फोटो इतका वेळ कुणी पाहिला नव्हता.

४ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस एकच विचार. धारेवर बसून पानांच्या पुतळ्याला इंद्रभान म्हणायचं आणि पेटवायचं, हे माझ्याने होईल. म्हातारा माणूस काहीही करू शकतो. पण ज्यांचं कुंकू पुसलं जाणार, त्यांना तो का गेला हे ठाऊक नसताना नाही. त्या माझ्या अन्नावर सात वर्षं राहिल्या, मी त्यांच्या नवऱ्याला हात करून घालवला, आणि त्या अजून विचारतात: त्यायची तब्येत कशी हाय!

समोर जाऊन बोलता येत नाही. उत्तमरावांकरवी सांगण्यासारखं नाही. म्हणून अनसूयेच्या नावाने पत्र लिहिलं. ‘आईला एकटीला वाचून दाखव. मामांना नको.’ सगळं लिहिलं. वरवट, नाटकमंडळी, धुकं. ‘अजून जरा लांब’ किती वेळा म्हणालो तेही. शेवटी — ‘तुझ्या आईने नको म्हटलं तर मी अग्नी देणार नाही. हिवऱ्याच्या पाहुण्यांपुढे मी जाईन, पागोटं त्यांच्या पायावर ठेवीन. आणि तुझी आई मला काही बोलली, शिव्या दिल्या, तरी तू मध्ये शब्द बदलू नकोस. जसेच्या तसे कळव.’

चारदा वाचलं. अलंकार दोन ठिकाणी आले होते, ते खोडले.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

टाकलं. पेटीत पडल्याचा आवाज ऐकला.

८ फेब्रुवारी, सोमवार

चिखलीचं कार्ड! हात धुऊन मगच वाचलं.

उत्तमरावांचं. ‘बुधवारी संध्याकाळी भटजींस घेऊन येतो. गुरुवारी अवस. पळसाची तीनशे साठ पाने मोजून ठेवली आहेत. अनसूयेनेच निवडली. आपण उपास धरावा.’

माझ्या पत्राचा उल्लेख नाही. म्हणजे त्यांना दाखवलं नाही. किंवा पोहोचलंच नाही. किंवा वाचून झाल्यावर चुलीत गेलं. काहीही असेल. गप्प राहणं हेही उत्तरच आहे म्हणा. ते कसं वाचायचं तेवढं ठरत नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

धारेवर जाऊन जागा पाहून आलो. दगड ओला होता. पुंजाजीला सरपण सांगितलं. तो ‘हाव’ म्हणाला.

१० फेब्रुवारी, बुधवार

अकराच्या सुमारास कडी वाजली. पुंजाजी सरपण घेऊन आला असेल म्हणून आतूनच म्हटलं, ‘ढकल, उघडंच आहे.’ कुणी ढकललं नाही. उठून दार उघडलं.

रुखमाबाई. एकट्या. पायांवर रस्त्याची धूळ. पदर डोक्यावर, पण तोंड उघडं. कपाळावर ठसठशीत कुंकू. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी हे तोंड पाहिलं. सवयीने मान वळवली आणि त्यांच्यामागे अनसूया दिसते का ते पाहू लागलो, बोलणार कुणाकडून म्हणून. मागे रस्ता होता.

‘पोरीले नाही आणलं,’ त्या म्हणाल्या. मला! ‘आज मीच बोलते. पत्र आयकलं. तुमी लांब जा म्हटलं म्हून नाही गेले ते. तुमी तळ्यात हाका मारून राह्यले होते, तवा ते घरी होते. दुसऱ्या वाटेनं वर आले. जातो म्हणे. मी म्हटलं, जायचं तं जा, पण जेवून जा. दोन भाकरी खाल्ल्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, अन् गेले. जेवून गेलेल्या मानसाले मेला काऊन म्हणू मी?’

मी दाराची चौकट धरली.

‘तुमी आले, ओसरीवर खाकरले, अन् निंगून गेले. चार दिवस बांबू घेऊन पाण्यात उतरले सारे. बारा वर्सं झाली. मले कोनं इचारलंच नाही.’